अंगणवाडीतील रानटोपली

(अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या एकत्रित प्रशिक्षण वर्गात एका निवृत्त मुख्यसेविकेने केलेले भाषण)



मला दिलेला विषय कार्यक्रमपत्रिकेत 'लहान बालकांसाठी निसर्गवस्तूंची खेळपेटी' असा छापला आहे. मी तिला रानटोपली म्हणते; कारण आपल्याकडे पेटी म्हटली की कुलूप आठवते, आणि कुलूप आले की खेळ संपला. ही वस्तू काय असते ते प्रथम सांगते. एक पसरट टोपली किंवा परात घ्यावी. तिच्यात वाळू, माती, पाने, शेंगा, साली, फळे असे काही ठेवावे. तीन-चार मुलांनी तिच्याभोवती बसून त्यात हात घालावेत, चाचपावे, हुंगावे, कानाशी धरून हलवावे, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतावे, सारखे सारख्याशी लावावे. एवढेच. एवढ्यासाठी सरपंचांनी धानाची कामे टाकून यावे आणि गुरुजींनी शाळेतून रजा काढावी काय, असा प्रश्न तुमच्यापैकी कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. माझ्याही मनात तो बरीच वर्षे होता.

दुसराही एक प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि तो अधिक टोकदार आहे. मुंबई-पुण्याच्या मुलाला माती दिसत नाही, त्याला पेटीत माती भरून देणे समजू शकते. पण ज्या मुलाच्या घराला कुंपण बांबूचे, अंगणात मोहाचे झाड आणि मागच्या बाजूस सागवन, त्याला रानाची टोपली कशाला? हा प्रश्न मला प्रथम एका वनरक्षकाने विचारला होता. उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. ते पुढे एका मुलीने दिले.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर काही वर्षांनी मी नोकरीस लागले. भामरागडच्या बाजूच्या एका अंगणवाडीत मी भेटीस जात असे. तेथे साडेतीन-चार वर्षांची एक माडिया मुलगी रोज येई, भिंतीला पाठ लावून बसे, खाऊ घेई आणि जाई. पाच महिने झाले तरी तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. सेविका बाहेरगावची, मराठी बोलणारी. कामाला प्रामाणिक होती. तिने मला सांगितले, "बाई, ही मुलगी मंद असावी. हिला तालुक्याला दाखवायला हवे." भिंतीवर चित्रे होती: सफरचंद, द्राक्षे, आगगाडी, जहाज. त्यांपैकी एकही वस्तू त्या मुलीने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, आणि त्या वस्तूंची नावे तिला परक्या भाषेत विचारली जात होती. चैत्राचे दिवस होते. मदतनीस बाईने घरून येताना ओंजळभर मोहफुले पदरात आणली होती. ती तिने ताटात ओतून कोपऱ्यात ठेवली. ती मुलगी उठली, ताटाजवळ गेली, एक फूल उचलून नाकाशी धरले, आणि बोलू लागली. एक शब्द नव्हे. आई पहाटे कुठे जाते, टोपली केवढी असते, धाकट्याला कोण सांभाळते, असे बरेच काही. मदतनीस तिच्याच पाड्यावरची. ती हसत हसत आम्हाला मराठीत सांगत होती. सेविकेच्या डोळ्यांत पाणी आले. मुलीला तालुक्याला न्यावे लागले नाही.

तर वनरक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, रान मुलाच्या घराभोवती आहे, पण अंगणवाडीच्या उंबऱ्याशी ते थांबते. उंबऱ्याच्या आत जे काही असते ते मुलाला सांगत राहते की, तुला जे ठाऊक आहे ते येथे कामाचे नाही. रानटोपली हे उंबऱ्यावरचे रान आत घेण्याचे साधन आहे.

ही कल्पना आपल्याच राज्याची आहे

हल्ली या गोष्टी मोठ्या शहरांतील बालवाड्यांतून परदेशी नावाने येतात आणि त्यांचे रंगीत प्लॅस्टिकचे संच विकत मिळतात. त्यामुळे हे काही तरी बाहेरचे खूळ आहे असे वाटण्याचा संभव आहे. तसे ते नाही.

इंद्रियांच्या द्वारे मूल शिकते, म्हणून त्याच्या हाताला खरखरीत आणि गुळगुळीत, जड आणि हलके, असे साहित्य क्रमाने द्यावे, हा विचार डॉ. मारिया मॉंटेसरी यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. त्या १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धाच्या काळात त्यांनी येथे शेकडो शिक्षकांना शिकविले. पण त्याच्या आधीच, १९२६ साली, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. मॉंटेसरींच्या पद्धतीतील लाकडी साहित्य सुबक, पण महाग. ताराबाईंना शहरातील बालमंदिरे चालवून समाधान झाले नाही. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

बोर्डीला त्यांच्या लक्षात आले की, वस्तीवरची मुले बालवाडीत येत नाहीत. मग बालवाडीच वस्तीवर गेली. कोणाच्या तरी अंगणात, झाडाखाली भरू लागली. आज आपल्या देशातील गावोगावी ज्या नावाची पाटी आहे, त्या अंगणवाडीचे मूळ या अंगणात आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळा गुरांच्या मागे गेली. आणि साहित्य? शंख, शिंपले, बिया, पाने, गवत, माती. विकतच्या ठोकळ्यांच्या जागी मुलांच्या पायाखाली पडलेल्या वस्तू आल्या, त्या केवळ पैसे वाचावेत म्हणून नव्हे. वारली मुलाला शिंपला ठाऊक होता. त्याला तो मोजता आला, लावता आला, त्याविषयी बोलता आला.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. देशातील पहिल्या ३३ प्रकल्पांपैकी आपल्या राज्यातील प्रकल्प मेळघाटात, अमरावती जिल्ह्यातील धारणीला होता. म्हणजे आपल्यासारख्याच वनप्रदेशात. योजना मोठी झाली, आहार आला, वजनकाटे आले, नोंदवह्या आल्या. या सर्वांची गरज होती. ज्या जिल्ह्यात कुपोषणाने मुले दगावतात तेथे आहाराला दुय्यम म्हणण्याचे पाप मी करणार नाही. पण अंगणवाडीचा खेळाचा तास मात्र या गर्दीत अंग चोरून उभा राहिला. अलीकडे पुन्हा वारे फिरले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या शिक्षणाला पायाचे स्थान दिले, मातृभाषेवर भर दिला. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्राने 'जादुई पिटारा' नावाचा खेळसाहित्याचा संच प्रसिद्ध केला. तो चांगलाच आहे. माझे म्हणणे इतकेच की, पिटाऱ्याची वाट पाहत टोपली अडवून धरू नये.

टोपली कशी करावी

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते.

टोपली गावातील बुरुडाकडून विणून घ्यावी. मोठ्या सुपाएवढी पसरट, काठ वीतभराहून कमी उंच, कारण बसलेल्या मुलाची दृष्टी आत पोहोचली पाहिजे. कामट्यांची टोके आत वळवून घेण्यास आवर्जून सांगावे. बांबूचे कूस बोटात शिरले की मूल पुन्हा टोपलीकडे फिरकत नाही. वाळू गळू नये म्हणून आतून शेणमातीने सारवून वाळवावी, किंवा जुन्या लुगड्याचे पटकूर अंथरावे. पाण्याच्या खेळासाठी कुंभाराकडील पसरट कुंडे घ्यावे. सिमेंट कालवण्याचे लोखंडी घमेले वापरू नये. त्याचा काठ कापतो. एका टोपलीशी चारच मुले बसवावीत. वीस मुलांत एक टोपली ठेवली तर खेळ होत नाही, मारामारी होते. बाकीच्यांना त्या वेळी गाणी, गोष्टी, अंगणातले खेळ द्यावेत आणि पाळी बदलावी.

तळाला काय असावे? शहरातील पुस्तकांत तांदूळ रंगवून भरण्यास सांगतात. आपल्याकडे ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या घरी श्रावणात धानाची ढोली रिकामी होते, त्या घरच्या मुलाला तांदूळ पायाखाली सांडण्यास शिकवणे आईला आवडणार नाही. आणि तिचे बरोबर आहे. धानाचा तूसही नको. तो डोळ्यांत जातो, त्याची धूळ छातीला त्रास देते. नदीची वाळू उत्तम. पण ती चाळून, दोन-तीन पाण्यांत धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून घ्यावी, आणि रात्री झाकून ठेवावी; उघड्या वाळूत मांजरे घाण करतात आणि जंतांचा प्रसार तेथूनच होतो. पावसाळ्यात वाळूऐवजी बोडीची चिकणमाती मळून द्यावी. चंद्रपूर, बल्लारपूर, वणीच्या पट्ट्यातील भगिनींना एक गोष्ट वेगळी सांगते. औष्णिक केंद्राची राख मऊ आणि गुळगुळीत लागते, मुलांना ती फार आवडते. तिला आणि कोळशाच्या चुऱ्याला टोपलीत स्थान नाही.

वरच्या वस्तू ऋतूप्रमाणे येतात, आणि त्यातच या टोपलीची खरी गंमत आहे. फाल्गुनात पळसाची फुले. ती पाण्यात टाकली की पाणी केशरी होते. चैत्रात मोह. त्यानंतर सावरीची बोंडे फुटतात, तिचा कापूस हातावर घेऊन फुंकला की वर्गभर उडतो आणि ज्या मुलाने कधी तोंड उघडले नाही तेही त्याच्यामागे ओरडत धावते. पावसाच्या आरंभी सागाची कोवळी पाने येतात. सागाचे पान ही एक शाळाच आहे: वरून खरखरीत, कोवळे पान तळहातावर चोळले तर तांबडा रंग उमटतो. हा रंग कोठून आला, हा प्रश्न मुलाने विचारावा यासाठी आपल्याला काहीच करावे लागत नाही. हिवाळ्यात हिरडा, बेहडा, आवळा. हिरड्याला कंगोरे असतात, बेहडा मखमलीसारखा, आवळा गुळगुळीत; डोळे मिटून तिन्ही ओळखता येतात, आणि थोड्या सरावाने मुले बिनचूक ओळखतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. मुरुडशेंग दोरीसारखी पीळ घातलेली. आरमोरीच्या बाजूला ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पाळतात. तेथील ढिवर बांधवांकडून, पतंग बाहेर पडून गेलेले पोकळ कोसे मागून आणावेत. कोसा हाताला टणक लागतो आणि वजनाला काहीच नसतो. जड आणि हलके यांतील फरक शिकविण्यास त्याच्याशेजारी वैनगंगेचा एक गोटा ठेवला की पुरे.

मोहफुले, चारोळी, हिरडा हे आपल्या लोकांचे उत्पन्न आहे हे विसरू नये. मूठभर मागावे, खेळून झाल्यावर परत द्यावे किंवा त्याचा मोबदला द्यावा. फुकट गोळा करण्याची सवय शासनाच्या नावाने लावू नये.

माझ्या हातून घडलेली चूक

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यास आजही जड जाते.

सुरुवातीच्या काळात टोपली सुंदर दिसावी, या हौसेने मी एका अंगणवाडीत गुंजा टाकल्या होत्या. लाल, टोकाला काळा ठिपका. सोनार पूर्वी वजनाला वापरीत असत त्याच. मुले त्यावर तुटून पडली. मोजणी झाली, रांगोळी झाली. दुपारी एक आई धावत आली. तिच्या मुलाने गुंज गिळली होती. गुंजेच्या आत जहाल विष असते हे मला त्या दिवशी आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून कळले. त्या वयाला आणि त्या पदाला ते आधी ठाऊक असायला हवे होते. गुंजेचे कवच कठीण असते. ती सबंध गिळली तर बहुधा तशीच बाहेर पडते, पण चावली गेली तर जीव जाऊ शकतो. मुलाने ती चावली होती की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते. चार दिवस आम्ही त्याच्यावर लक्ष ठेवून होतो. तो वाचला. त्या चार दिवसांत त्याची आजी मला एकच वाक्य बोलली: "आम्हाला विचारलं असतं, तर आम्ही सांगितलं असतं."

त्या दिवसापासून माझा नियम असा की, टोपलीतील प्रत्येक नवी वस्तू गावातील एखाद्या जाणत्या वृद्धेच्या हाताखालून गेल्याशिवाय मुलांपुढे ठेवायची नाही. आपल्या रानात हाताला सुंदर लागणारी पण टोपलीत कदापि येऊ नये अशी बरीच मंडळी आहेत. गुंज झालीच. कुचल्याच्या चपट्या, रेशमासारख्या चमकणाऱ्या बिया. त्यांत स्ट्रिक्नीन असते. एरंडाच्या ठिपकेदार बिया. शेताच्या कुंपणाला लावतात ती चंद्रज्योत, जिला कोणी मोगली एरंड म्हणतात. तिच्या बिया चवीला गोड, म्हणून मुले एकामागून एक खातात आणि मग ओकारी-जुलाबांनी हैराण होतात. धोतऱ्याची बोंडे, कण्हेरीच्या बिया. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते. खाजकुयलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की सगळा वर्ग रडतो. बहाव्याची शेंग वाजते छान, पण तिचा गर रेचक आहे. अखंड, न फुटलेली शेंग तेवढी द्यावी.

विषाइतकाच धोका आकाराचा आहे. चिंचोका, सीताफळाची बी, वाटाणा नाकात जातो, कानात जातो, श्वासनलिकेत जातो. यासाठी एक सोपे माप सांगते. साडेचार सेंटिमीटर आतील व्यासाचे बांबूचे पेर कापून त्याचे कडे करून घ्या आणि टोपलीलाच बांधून ठेवा. जी वस्तू या कड्यातून आरपार जाते, ती तीन वर्षांखालील मुलापुढे ठेवायची नाही. आपल्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले असतात खरी. पण सहा वर्षांची ताई धाकट्याला कडेवर घेऊनच येते हे आपण सर्व जाणतो. त्या धाकट्यासाठी दुसरी टोपली असावी: बेलफळ, करवंटी, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, बांबूची जाड पेरे, सुकलेला भोपळा. मोठ्यांच्या टोपलीशी, हिरडा-बेहड्याशी, सेविका किंवा मदतनीस सतत बसलेली असली पाहिजे. आहार शिजत आहे म्हणून दोघीही चुलीकडे, असे असेल त्या दिवशी टोपली काढू नये.

पाण्याचे कुंडे रोज उपडे करून ठेवावे. राज्यात हिवतापाचा जोर ज्या भागात सर्वांत जास्त, तेथे आपण राहतो; मुलांच्या खेळाच्या पाण्यात डास वाढले तर ते खेळणे नव्हे. पालापाचोळा आत आणण्यापूर्वी उन्हात पसरून झटकावा. विंचू आणि घोणस दोघांनाही पाचोळा आवडतो. आणि खेळ झाला की साबणाने हात, मगच आहार.

रानात कोणी जावयाचे

वस्तू गोळा करण्यासाठी मुलांना रानात नेऊ नये. हे वाक्य मला जड मनाने म्हणावे लागते, कारण अनुताईंच्या कोसबाडला मुले टेकडीभर हिंडत. पण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांतून आलेल्या भगिनींना वेगळे सांगण्याची गरज नाही. मोह वेचायला पहाटे गेलेल्या बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्याची घरे येथे आहेत. तेव्हा वस्तू घ्यायच्या त्या अंगणातून, बांधावरून, आणि मोठी माणसे आपल्या कामासाठी रानात गेली असता घरी येते त्यातून. ताडोबाच्या राष्ट्रीय उद्यानातून व अभयारण्यांतून काहीही उचलणे कायद्याला धरून नाही. साळिंदराचे काटे, शिंगे, कवट्या, कासवाची पाठ अशा वस्तू कोणी कौतुकाने आणून दिल्या तरी परत कराव्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्या बाळगणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो आणि तो सेविकेवरच होईल.

खेळताना सेविकेने काय करावे

बहुतेक वेळ गप्प बसावे. हे सर्वांत कठीण आहे. टोपली ठेवली रे ठेवली की आपण विचारू लागतो: हे काय? रंग कोणता? किती आहेत? मूल परीक्षेला बसल्यासारखे होते आणि हात आखडून घेते. पहिली पाच मिनिटे काही विचारू नये. स्वतः एक पान उचलून चाचपावे, हुंगावे. मूल बोलले की त्याचा शब्द घ्यावा. मूल 'पानी' म्हणाले तर 'पाणी म्हण' असे सांगून त्याला थांबवू नये. आपल्या झाडीबोलीत ते पानीच आहे आणि त्याची आई तेच म्हणते. माडिया-गोंडी मूल 'येर' म्हणाले तर आपण 'येर' म्हणावे, आणि थोड्या वेळाने, सहज, पाणीही म्हणावे. झाडाला 'मरा' म्हणतात हे ज्या सेविकेला ठाऊक आहे तिच्या अंगणवाडीत मूल आठवड्यात रुळते. सिरोंच्याकडे तेलुगू शब्द येतील, कोरचीकडे छत्तीसगढी. एक साधी वही करावी: टोपलीतील वस्तू, मराठी नाव, गावचे नाव. ही वही भरण्यास आजीबाईंना बोलवावे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या बळावर सुरू केली. मुलाची भाषा ही गावाला जिव्हाळ्याची गोष्ट आहे, हे आपण त्यावरून ओळखावे.

पालक विचारतात, "माझा मुलगा दिवसभर वाळूच उकरतो, अक्षरे कधी शिकवणार?" त्यांना उत्तर द्यावे, चिडू नये. चिमटीत शेंग धरून तिचे दाणे सोडवणारी बोटे पुढे पेन्सिल धरतात. त्या बोटांत बळ आले नसताना पाटी दिली तर मूल मुठीत पेन्सिल धरते आणि लिहिण्याचा कंटाळा करते. हिरडे एकीकडे, बेहडे दुसरीकडे करणारे मूल गणिताच्याच वाटेवर असते. पहिलीच्या गुरुजींनी येथे मला दुजोरा द्यावा. मी पाहते आहे, मागच्या रांगेतील दोघे-तिघे मान हलवीत आहेत.

पंचायत आणि अधिकारी

सदस्यहो, या कामाला योजना लागत नाही. बुरुडाला चार टोपल्यांचे दाम, कुंभाराला दोन कुंड्यांचे, वर्षभराचा साबण, आणि मुलाच्या हाताला पोहोचेल एवढ्या उंचीवर एक बांबूची मांडणी. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के वाटा थेट मिळण्याची तरतूद राज्याने केली आहे. त्यातून काय घ्यायचे हे ग्रामसभा ठरविते. तिच्यापुढे हा विषय ठेवा. लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू आपण विकला. ज्या गावाकडे असा हक्क आहे, त्याने आपल्या मुलांच्या टोपलीसाठी दोन-चार बांबू बाजूला काढणे अवघड नाही.

अधिकारीवर्गाला माझी विनंती थोडी वेगळी आहे, आणि मी स्वतः त्या वर्गात होते म्हणून ती करण्याचा मला अधिकार आहे. मी शेकडो भेटी दिल्या. प्रपत्रात 'खेळसाहित्य उपलब्ध आहे काय?' असा रकाना असे, आणि 'होय' लिहिण्यासाठी मी कपाट उघडायला लावीत असे. आतले साहित्य कोरे असे, कागदी वेष्टनासकट. मी 'होय' लिहीत असे. साहित्य मोडले तर वसुली होईल या भीतीने ते बंद होते, हे मला ठाऊक होते. रानटोपलीची तपासणी उलट्या रीतीने करावी लागेल: पाने चुरगळलेली आहेत का, मातीवर बोटांचे ठसे आहेत का, सारवण निघाले आहे का. भेटीच्या दिवशी फुलांनी सजवून मांडलेली टोपली दिसली तर शेरा लिहू नये, मुलांना विचारावे. त्यांनी ती पूर्वी कधी पाहिली आहे का, ते त्यांच्या हातांवरूनच कळते. आणि कृपा करून सर्व जिल्ह्यासाठी टोपलीतील वस्तूंची एकच यादी काढू नका. वरोऱ्याचे रान वेगळे, एटापल्लीचे वेगळे; एटापल्लीच्या बाजूला लोहदगडाचा तांबूस, जड तुकडा मुलाच्या ओळखीचा असेल, वरोऱ्याच्या मुलाला कापसाचे बोंड.

मला दिलेला वेळ संपत आला आहे. बाहेरच्या पडवीत चार टोपल्या मांडून ठेवल्या आहेत. चार-चार जणांनी बसावे. सरपंचांनी खुर्ची मागू नये, खाली बसावे, कारण टोपलीची उंची त्यासाठीच ठेवली आहे. कडे प्रत्येक टोपलीला बांधलेले आहे, त्यातून वस्तू घालून पाहा. तिसऱ्या टोपलीत मी एक वस्तू मुद्दाम चुकीची ठेवली आहे. ती हाताला फार छान लागते. ती ओळखून मला आणून द्या, आणि नंतर सर्वांनी हात धुवा. साबण हौदाजवळ आहे.